कोन्या गावचे पाव्हणे?

सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर किल्ला, किल्ल्यात पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि त्या पोपटात राक्षसाचा जीव. लहानपणी ही गोष्ट ऐकताना राक्षसाच्या दूरदृष्टीचं मला भारी कौतुक वाटायचं. आता वाटतं, तो आज आमच्याकडे राहायला आला तर राजपुत्र ही त्याची पहिली अडचण नसेलच. पिंजऱ्यात पोपट ठेवणं हाच मुळी गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पाळता येत नाहीत. शेजाऱ्यानं एक फोन फिरवला की वनखात्याची गाडी दारात. पंचनामा होणार, पिंजरा जप्त होणार, आणि पोपटाला रीतसर मेळघाटात सोडून देणार. राक्षस हात जोडून म्हणेल, "साहेब, सोडू नका हो, त्याच्यात माझा जीव आहे." वनरक्षक सही घेता घेता म्हणेल, "सगळे असंच म्हणतात."

पुढे जन्मभर त्या बिचाऱ्यानं आभाळाकडे बघत राहायचं. शिक्रा घिरट्या घालताना दिसला की छातीत धस्स. ज्वारीच्या कणसांवर पोपटांचा थवा उतरला की गोफणवाल्या पोराच्या हातापाया पडायचं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की ज्वारी आता पेरतो कोण? जिकडेतिकडे सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. गोफण फिरवणारी पिढीच संपली. राक्षसाच्या नशिबानं म्हणायचं.

गोष्टीतली ही मंडळी आजच्या जगात आली तर कशी जगतील, असा विषय निघाला की लोक त्यांना उचलून थेट मुंबईत नेऊन टाकतात. लोकलमध्ये परी, लिफ्टमध्ये जिन, मॉलमध्ये चेटकीण. मला हे काही पटत नाही. शहरात कोणाचं कोणाकडे लक्ष असतं? तिथे दोन शिंगांचा इसम टोपी घालून निवांत निवृत्त होईल. खरी कसोटी आमच्या विदर्भातल्या खेड्यात. इथे एस्टीतून कोणीही अनोळखी उतरलं की पानठेल्यावरून प्रश्न येतोच, "कोन्या गावचे पाव्हणे? कोनाइकडं आले?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय इथे यमालाही पुढे जाता येत नाही. आणि एकदा का उत्तर मिळालं, की मग शिंगांबद्दल कोणी विचारत नाही.

राक्षसाला तर सांगायला गावही आहे. तो म्हणेल, "लोणारचा."

"लोनार म्हंजे बुलडाना जिल्ह्यातलं? लवणासुराच्या घरचे का तुमी?"

"तो आमचा थोरला."

झालं. ओळख पटली. लोणारचं खोल विवर हे लवणासुराचं घर, आणि विष्णूनं त्याला तिथेच मारलं, ही कथा आम्हाला पाठ. तिथलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याचाच पुरावा म्हणून दाखवतात. ते विवर उल्केच्या आघातानं झालं असं शास्त्रज्ञ सांगतात, तेही आम्ही मान्य करतो. दोन्ही एकाच वेळी मान्य करायला आम्हाला काही जड जात नाही. मग पुढचा अर्धा तास, जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ते नेमकं कशानं, यावर त्याला धारेवर धरतील. तो सांगेल, खारट पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमुळे. "अस्सं," म्हणून एकजण मान हलवेल, आणि तो गेल्यावर बाकीच्यांना सांगेल, "लपवून रायला तो."

आता घराचं बघू. मराठीतली सगळ्यात जुनी म्हणावी अशी पोरांची गोष्ट आमच्याच मातीशी जोडलेली आहे. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींनी सांगितलेली, लीळाचरित्रात नोंदलेली: कावळ्याचं घर शेणाचं आणि साळईचं घर मेणाचं. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहायचे ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा मेणाच्या घराच्या दाराशी येऊन उभा राहतो. पुढे साळईचीच चिऊ झाली आणि तिनं बाळाला अंघोळ घालता घालता सातशे वर्षं दार उघडलं नाही.

ही गोष्ट पावसाळ्यातली म्हणून चिमणी जिंकली. आमच्याकडे मे महिन्यात सांगून बघा. नागपूरचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मेमध्ये तर तिथल्या एका यंत्रानं ५६ दाखवले. नंतर कळलं की यंत्रच बिघडलं होतं. पण दोन दिवस आम्ही सगळे काय ऐटीत होतो!) मेण वितळतं साधारण ६२ अंशांच्या पुढे, पण मऊ पडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. त्यामुळे दुपारी दोनच्या सुमारास चिमणीच्या घराचं छप्पर खाली झुकायला लागणार, दार चौकटीला चिकटणार, आणि बाळाचं तीट लावलेलं तोंड भिंतीला उमटणार. शेणामातीचं घर मात्र आत गार. कावळा ओसरीवर पाय पसरून पडलेला, बाजूला माठ. चिमणी दार वाजवणार, "काऊदादा, काऊदादा, दार उघड." तो आतून म्हणेल, "थांब, कूलरमध्ये पाणी टाकून रायलो."

मात्र घरकुलाच्या यादीत नाव लागलं, तर कावळाही शेणाचं घर पाडून सिमेंटचं बांधेल, वर टिनाचं छप्पर टाकेल, आणि पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या कडुनिंबावर राहायला जाईल. आमच्या गावात निम्म्या लोकांनी हेच केलं. नव्या घरात टीव्ही राहतो, माणसं झाडाखाली.

भुतांची गोष्ट जरा निराळी, कारण ती कुठून आलेली नाहीत, ती इथलीच. मुंज्या पिंपळावर, हडळ विहिरीच्या काठी, जंगलात भुलनवेल, की जिच्यावर पाय पडला तर रस्ता विसरलाच समजा. त्यांची घरं ठरलेली, वेळ ठरलेली, आणि धंदा एकच: रात्री एकट्या निघालेल्या माणसाला गाठायचं. त्यांची पंचाईत झाली ती विजेमुळे. दिव्याच्या उजेडामुळे नाही, कारण उजेड अजूनही भरवशाचा नाही. शेतातल्या पंपाला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की पुस-माघाच्या थंडीत अर्धं गाव शिवारात. जिथे पूर्वी महिन्यात एखादा चुकार वाटसरू मिळायचा, तिथे आता एका धुऱ्यावर चारजण बॅटऱ्या घेऊन उभे. भुतांची चंगळ व्हायला हवी होती. झालं उलटंच.

हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलेले असतात, ते कधी जवळून बघा. एका जागेचं पाणी झालं की मोटार बंद करायची, पाइप सुटे करायचे आणि खांद्यावर घेऊन पुढच्या ओळीत मांडायचे. पाइप उचलला की आत उरलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. बोटं बधिर झालेली, चिखलात पाय पिंढरीपर्यंत, आणि मध्येच लाइन जाईल ही धास्ती. जोडीला साप आहे, रानडुक्कर आहे. चंद्रपूरकडे तर वाघ आहे, आणि तो काही गोष्टीतला नाही. अशा माणसासमोर रात्री दोनला हडळ उभी राहिली, केस मोकळे, पावलं उलटी, तर तो काय करेल? बॅटरी तिच्या तोंडावर मारेल आणि म्हणेल, "बाई, ते तिकडचं टोक धर बरं जराशी. एकट्यानं उचलत नाई." भ्यायलाही सवड लागते, आणि ती त्याच्याकडे नाही. हडळ बावचळून पाइप धरेल. सकाळपर्यंत दोन एकर ओलून होईल. दुसऱ्या रात्री शेजारचा विचारेल, "तुमच्याकडची बाई आज आमच्याकडं येते का?"

आता म्हणे दिवसा वीज मिळणार. २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेचं दुसरं पर्व सुरू आहे, ठिकठिकाणी शिवारात निळ्या पाट्या उभ्या राहायला लागल्यात. रात्र पुन्हा रिकामी होईल. मला यात शेतकऱ्याचं सुख दिसतं, पण हडळीला काय वाटेल सांगता येत नाही. तिला मजुरीची सवय लागली असेल.

मुंज्याचं फार अवघड नाही. मुंज होऊन लग्नाआधी मेलेलं पोर ते, वयानं आठ-दहा वर्षांचं. ज्या दिवशी गुरुजींना कळेल, त्या दिवशी ते हजेरीपट घेऊन पिंपळाखाली येतील. पटसंख्या कुठे पुरतेय? नाव, जन्मतारीख, आईचं नाव. खिचडी मिळेल म्हणतील. शेंडी आहे, चालेल. अदृश्य होतो? हरकत नाही, निम्मे पोट्टे कापूस वेचायच्या दिवसांत तसेच होतात.

जिनाबद्दल आमच्याकडे फार आशा आहेत. दिव्यातून निघतो, "काम सांग, नाहीतर तुला खातो" म्हणतो, असा माणूस नोव्हेंबरात सापडला तर गाव त्याला डोक्यावर घेईल. मजूर मिळत नाहीत, कापूस झाडावर लोंबतोय. बाया सीतादहीची पूजा करून पहिला वेचा सुरू करतात आणि जिन पापणी लवायच्या आत पाच एकर वेचून ढीग लावतो. "पुढचं काम?" पुढचं काम नाही, बाप्पा. बोंडं एकदम फुटत नसतात. दुसरा वेचा पंधरा-वीस दिवसांनी, तिसरा त्याच्याही पुढे. पऱ्हाटीला तुझ्या मंत्राची ओळख नाही. मग खायला उठलेल्या जिनाला मचाणावर जागलीला बसवतील, रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं हाकायला. एका हिवाळ्यात त्याचा आवाज बसेल आणि "हुर्रऽऽ" एवढंच त्याला बोलता येईल. हुकूम विचारायची सवय आपोआप जाईल.

आणि विक्रम-वेताळ? ती जोडी तर मला अगदी आमच्यातली वाटते. कथासरित्सागरात हा राजा प्रतिष्ठानचा, म्हणजे गोदाकाठच्या पैठणचा. आमच्यापासून फार लांब नाही. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, वेताळाची गोष्ट आणि शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. पानठेल्यावर हा विषय एकदा निघाला तेव्हा एका पोट्ट्यानं तोड काढली: राजानं निघतानाच तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा टाकायचा. पन्नीत घोटून घोटून केलेला, गालात दाबून ठेवलेला. (खर्ऱ्यावर बंदी आहे. ही बातमी पानठेल्यापर्यंत यायची आहे.) खर्रावाला माणूस "हूं" आणि "अंहं" यांपलीकडे बोलत नाही. आता हे जाणूनबुजून गप्प बसणं झालं की नाइलाजाचं? डोकं फुटेल की नाही? यावर दोन तट पडले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

पण राजाला खरोखर निरुत्तर केलं ते चोविसाव्या गोष्टीनं. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात, एक पाऊल मोठं, एक लहान. मोठ्या पावलांची असेल ती बापाला, लहान पावलांची ती मुलाला, असं आधीच ठरवून टाकतात. गाठल्यावर कळतं, त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावलं लेकीची. शब्द दिलेला, म्हणून बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोघांनाही मुलं होतात. तर त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? एवढा चतुर राजा, पण पुढे चालत राहिला मुकाट्यानं. त्याला येतच नव्हतं.

मी ही गोष्ट आमच्या आत्याला सांगितली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. लग्नाच्या मांडवात कोणाचं कोणाशी काय नातं लागतं आणि आहेर कोणत्या बाजूनं होतो, हे गावात तिलाच विचारतात. तिनं शेंगेतून दाणे काढता काढता विचारलं, "दोघायलेबी पोरगेच ना?"

"हो."

"मंग त्यात काय हाय? बापाचा पोरगा तो दुसऱ्याचा काका लागते. आन आईचा पोरगा तो पहिल्याचा मामा. हा त्याचा काका, तो याचा मामा. दोघायलेबी आहेर करा लागते."

मी मनात जुळवून पाहिलं. बरोबर होतं. म्हटलं, "आत्या, उत्तर दिलं की वेताळ परत झाडावर जाऊन लोंबकळतो."

"लोंबकळू दे," ती म्हणाली आणि फोलपटं बाजूला सारली. "ते मोठ्या पायाची पोरगी, तिले बुढा नवरा भेटला. तिले कोनं इचारलं का?"

"वेताळानं तेवढं नाही विचारलं."

"मंग त्याले म्हना, जाऊन पैले तिले इचारून ये."