उलटी छत्री

आमच्या वरच्या मजल्यावर बारा दिवसांपासून बाथरूमच्या फरश्या फोडणं चाललंय. काल दुपारी जेवून जरा आडवी झाले, तर छताचा पोपडा सुटून थेट उशीवर. सांगायला वर कोण जाणार? कपाटावरची जुनी काळी छत्री काढली, उघडली आणि उलटी करून पलंगावर ठेवली. तिच्यात चुना टपटप पडायला लागला आणि मला एकटीलाच हसू आलं.

'रिफीफी' नावाचा एक फ्रेंच सिनेमा आहे, १९५५ चा, कृष्णधवल. पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान फोडायला चौघं जण वरच्या घरात शिरतात आणि तिथली जमीन खणायला घेतात. खाली धोक्याची घंटा अशी की जरा हादरा बसला तरी बोंबलणार. म्हणून हात जाईल एवढं भोक पडलं की त्यातून मिटलेली छत्री खाली सोडायची आणि तिथे उघडायची. पुढचा सगळा चुरा छत्रीत. घंटेच्या तोंडात आग विझवायच्या नळकांड्याचा फेस. एकाच्या पायात तर चक्क बॅले नाचाचे बूट! जवळजवळ अर्धा तास हे चालतं, आणि तेवढ्यात एक शब्द नाही, संगीताचा एक सूर नाही.

संगीतकार होता जॉर्ज ओरिक. त्याला या प्रसंगाला भरघोस संगीत द्यायचं होतं. दिग्दर्शक ज्यूल्स डासिनने तो भाग त्याला संगीतासकट आणि संगीताशिवाय असा दोनदा दाखवला. ओरिकनेच मान्य केलं, संगीत नको. असा एक माणूस मला आमच्या सोसायटीच्या गणपतीत हवा आहे.

मला तो अर्धा तास बघताना आजोळ आठवतं. मे महिन्याची दुपार. आजी माजघरात पदर तोंडावर घेऊन लवंडलेली, मामा ओसरीवर. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पितळी डबा, डब्यात बेसनाचे लाडू. झाकण इतकं घट्ट की उघडताना कुईऽ करायचं. मामेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, त्यावर उपाय काढला होता. ओला पंचा झाकणाभोवती गुंडाळायचा आणि एका बाजूने अंगठ्याने रेटत रेटत उचलायचं. तेही घड्याळात तीनचे टोले पडत असताना. तिसऱ्या टोल्याला झाकण हातात आलंच पाहिजे. मी खाली एकावर एक रचलेले पाट धरून उभी. आजीचं घोरणं थांबलं की आम्हीही थांबायचो, दादा तसाच हात वर करून, पंच्याचं पाणी कोपरावरून माझ्या डोक्यावर. मग उरलेले लाडू असे रचायचे की वरून खिंडार दिसू नये. बोलणं सगळं भुवयांनी. एवढं लक्ष देऊन त्यानंतर मी कुठलंच काम केलेलं नाही, नोकरीतसुद्धा.

हा डासिन मुळात अमेरिकन. १९५१ मध्ये तिथे कम्युनिस्ट हुडकणाऱ्या चौकशी समितीपुढे त्याच्याच धंद्यातल्या माणसांनी त्याचं नाव घेतलं आणि हॉलिवुडचं दार बंद झालं. युरोपात काही वर्षं हाताला काम नाही. मग थोडक्या पैशांत हा सिनेमा, आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस, विभागून. सिनेमात तो स्वतःही आहे, पेर्लो व्हिता या खोट्या नावाने. तिजोरी फोडणारा इटालियन सेझार. ते बॅलेचे बूट त्याचेच. सेझार चोरीतली एक अंगठी आवडत्या बाईला देऊन बसतो, तिथून सुगावा लागतो आणि जिवाच्या भीतीने तो साथीदाराचं नाव सांगून टाकतो. म्होरक्या टोनी त्याला खांबाला बांधलेला बघतो. त्याला सेझार आवडतो, पण धंद्याचा नियम दोघांनाही ठाऊक. टोनी गोळी घालतो. डासिनच्या वाट्याला नेमकी ही भूमिका आली.

आजी लाडू मोजून ठेवायची, हे आम्हाला कुठे माहीत होतं. एका संध्याकाळी तिने मला एकटीला विहिरीपाशी गाठलं. ओरडली नाही, हात उगारला नाही. नुसतं विचारलं, "ही अक्कल कुणाची गं?"

मी लगेच दादाचं नाव सांगितलं.

त्याला रात्री मामाने छडीने मारलं. मला आजीने गुणाची पोर म्हणून डब्यातला एक लाडू दिला. तो मी परसात जाऊन, कुणी बघत नाही ना बघून, खाल्ला.