बेवारस पट्टीचा वाद

दोन घरांच्या कुंपणांमध्ये उरलेली अरुंद पट्टी कुणाचीच नाही असे शेजारी धरून चालतात, आणि माझ्या मते वादाचे मूळ याच समजुतीत असते. खरोखर मालक नसलेली जमीन फार थोडी. बहुतेक वेळा ती जुन्या आराखड्यातील सांडपाण्याची वाट, रस्त्याची राखीव कड किंवा वारस न उरल्याने सरकारजमा झालेला तुकडा असते. एकाने तेथे झाडे लावली, दुसऱ्याने गाडी उभी केली, की वापरालाच हक्क मानले जाते.

प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर ठरावीक मुदत ताबा ठेवून मालकी सांगण्याचा कायदा मात्र इतका सैल नाही. ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या परवानगीविना असावा लागतो. भारतात खासगी जमिनीसाठी 12, तर सरकारी जमिनीसाठी 30 वर्षांची मुदत आहे. दोघेही जागा वापरत असतील तर अनन्य, म्हणजे फक्त एकाचाच, ताबा सिद्ध करणे कठीणच. म्हणून भिंत बांधण्यापूर्वी अभिलेख तपासून अधिकृत मोजणी करून घ्यावी, आणि मालक सापडेपर्यंत वापर कसा करायचा, पाण्याचा निचरा कोण मोकळा ठेवणार, हे दोन्ही घरांनी लिहून ठेवावे, असे मला कळकळीने वाटते.