कर्ली खाडीत फक्त सिंगल हूक घेऊन: कसं झालं आणि जाणाऱ्यांनी काय बघावं

देवबागला कर्ली खाडीत लुअर फिशिंग (लुअर म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष) करून आलो. यावेळी ठरवूनच गेलो होतो की एकाही लुअरला ट्रेबल (तीन काट्यांचा हूक) ठेवायचा नाही, सगळीकडे सिंगल, म्हणजे एकाच काट्याचा. मागच्या खेपेला होडीत मित्राच्या अंगठ्यात ट्रेबलचा एक काटा आणि दुसरा काटा तडफडणाऱ्या तांबोशीच्या जबड्यात, हे बघितल्यावर मला आणखी काही पटवून द्यावं लागलं नाही.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरा, तिथून मालवण, पुढे देवबाग. होडीवाला आधी ठरवा आणि स्पष्ट सांगा की डॉल्फिन नको, स्नॉर्केलिंग नको, खारफुटीच्या कडेला नेऊन इंजिन बंद करायचं. ओहोटी लागली की बारक्या पऱ्ह्यांतून पाणी बाहेर पडायला लागतं, त्याबरोबर बारकी मासळी येते आणि तोंडाशी जिताडा (इकडे चोणक म्हणतात) दबा धरून असतो. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, सुट्टी वाया घालवू नका.

आता हूकचं. साधा सिंगल चालत नाही, इनलाइन लागतो, म्हणजे ज्याचा डोळा (अडकवायचं भोक) फिरवलेला असतो, नाहीतर स्प्लिट रिंगमध्ये (हूक लुअरला जोडणारी दुपदरी कडी) हूक आडवा लोंबतो. व्हीएमसी, ओनर, बीकेके सगळ्या कंपन्यांचे मिळतात. साइज ट्रेबलपेक्षा मोठी घ्यायची, माझ्या 12 सेंटीमीटरच्या मिनोला (लांबट माशासारखा लुअर) 4 नंबरचे ट्रेबल होते तिथे 1/0 बसला (1/0 हा 4 पेक्षा मोठा). पॅकेटवरच्या आकड्यापेक्षा लुअरशेजारी हूक धरून बघा, गॅप (हूकचं टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर) लुअरच्या पोटाच्या जाडीपेक्षा जास्त पाहिजे आणि पुढचा हूक मागच्याला अडकता कामा नये. पोटाखालच्याचं टोक पुढे, शेपटीच्याचं वर. हे सगळं घरी करा, स्प्लिट रिंग प्लायर घेऊन, हलत्या होडीत रिंग उघडताना नखं तुटतात आणि रिंग पाण्यात जाते ती जातेच.

वजनाकडे मात्र लक्ष द्या. सिंगल बहुधा हलका पडतो, त्यामुळे सस्पेंडिंग (पाण्यात मध्येच थांबून राहणारा) लुअर हळूहळू वर यायला लागतो, फ्लोटिंगची (तरंगणाऱ्याची) चाल जास्त मोकळी होते, कधीकधी वेग वाढवला की आडवाच पडतो. घरी बादलीत नुसता तरंगतो की बुडतो एवढंच कळतं, चाल बघायची तर होडीच्या कडेला ओढून बघा. माझा एक छोटा क्रँकबेट (जाडसर, गोलसर लुअर) अजिबात नीट पोहेना, त्याला ट्रेबलच बरा, पण टोकांजवळचे उलटे काटे प्लायरने दाबून.

होडीवाल्या काकांनी लुअर हातात घेऊन बघितला नि म्हणाले, "एकच गळ? ह्येका मासो रवतलो काय?" रवलो. खरं सांगायचं तर नुसती टोच मारून जाणारे मासे सिंगलवर थोडे जास्त सुटतात, पण जो लागला तो जबड्याच्या कोपऱ्यात खोल लागला, जिताड्याने पाण्याबाहेर येऊन डोकं झटकलं तरी सुटला नाही, कारण तीन काट्यांच्या जुडग्याला मिळते तशी उचकटायची पकड एका हूकला मिळत नाही. खारफुटीच्या मुळांत, कालवांत अडकणं पण कमी झालं. आणि मासा उचलायचं जाळं! ट्रेबल जाळ्यात गुंतला की मासा बाजूला राहतो आणि आपण गाठी सोडवत बसतो, यावेळी प्लायरने हूक धरला, उलटा फिरवला, झालं. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, तिथे बोट घालायचं नाही, ओठाला ग्रिपर (मासा धरायचा चिमटा) लावा.

मोठा लागला तर सोडा असं मी म्हणेन. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा मासा बहुधा अंडी घालणारी मादी. जेवणापुरता मधला ठेवा, फोटो काढायचा असेल तर मासा पाण्यात धरून कॅमेरा आधी तयार ठेवा.

लीडर (लुअरच्या आधी बांधायची जाड दोरी) 40 पाउंड ताकदीचा पुरला, कालवं असतील तिथे दर माशानंतर बोट फिरवून खरखर लागते का बघा. घरी आल्यावर हूक गोड्या पाण्याने धुवून वाळवा, ओले डब्यात ठेवले की बाकीच्यांनाही गंज धरतो.