न वाजलेला रेडिओ

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या दक्षिणेला एका लहान शहरात मी मानसोपचाराचे काम करते. आभाळ भरून आले की हातपाय गार पडतात, ही इथली वसंत ऋतूतील नेहमीची तक्रार आहे. वळवाचा कडकडाट हौसेने ऐकत वाढलेल्या माणसाला ती चटकन उमगत नाही. 2019 च्या मे महिन्यातील एक प्रकरण मात्र मला अजून सोडत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्या बाई 3 मे 1999 रोजी, लहानपणी, ओक्लाहोमा सिटीलगतच्या मूर येथे होत्या. त्या दिवशीच्या टोर्नेडोतील (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड वावटळीतील) वारा गाडीवर बसवलेल्या रडारने ताशी 480 किलोमीटरच्या आसपास मोजला होता. आता त्या मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत आणि वादळाची नुसती शक्यता असली तरी रात्रभर फोनवर रडार पाहत बसत. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला होता की त्यांना आकडे सांगावेत: अमेरिकेत वर्षाला सुमारे 1200 टोर्नेडो होतात, त्यांतले बहुतेक दुबळे असतात आणि नेमक्या आपल्याच घरावर येण्याची शक्यता नगण्य असते. हे सगळे खरे असले, तरी पक्क्या पायावर न जखडलेले घर दुबळ्या टोर्नेडोतही उलटते आणि टोर्नेडोतील मृत्यूंचा मोठा वाटा अशाच घरांत असतो. लिफ्टला घाबरणाऱ्याला लिफ्टमध्ये बसवून भीती मोडता येते. इथे भीतीतला खरा भाग शाबूत ठेवून उरलेली तेवढीच कमी करायची होती.

म्हणून आम्ही बेत आखला. हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदाच पाहायचा. टीव्ही बंद ठेवायचा, कारण हेलिकॉप्टरमधून तासन्‌तास ढग दाखवणाऱ्या वाहिन्या इशारा देण्याचे काम चोख करतात आणि नंतर लोकांना सोडतच नाहीत. पक्क्या घरातील माणसाने ‘वॉर्निंग’ (टोर्नेडो दिसल्याचा किंवा रडारवर आढळल्याचा इशारा) येताच आतल्या खोलीत जावे; या बाईंनी मात्र ‘वॉच’ (टोर्नेडो होण्याजोगे हवामान असल्याची आधीची सूचना) लागताच बहिणीच्या तळघरात जायचे, कारण वॉर्निंग आणि टोर्नेडो यांच्यात सरासरी पाव तासही मिळत नाही. रात्रीसाठी उशाशी हवामान खात्याचा रेडिओ ठेवायचा, ज्यात आपल्या काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) संकेतांक भरला की तो तेवढ्याच इशाऱ्यांना वाजतो.

सोमवारी, 20 मे रोजी, अंदाज सर्वोच्च श्रेणीचा होता; नकाशाच्या एका भागात टोर्नेडोची शक्यता 45 टक्के दाखवली होती. ही टक्केवारी एखाद्या घराची नसते, तर कोणत्याही ठिकाणापासून 40 किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची असते, हे मी त्यांना कागदावर वर्तुळ काढून समजावले होते. ओक्लाहोमा सिटी परिसरातील शाळा बंद राहिल्या. पश्चिमेकडे मँगमजवळ टोर्नेडो झाला, पण मोठ्या शहरांवरचे संकट टळले आणि आमच्याकडे केवळ पाऊस पडला. बाई बहिणीकडे गेल्या होत्या, बेताप्रमाणेच, मात्र रात्रभर जाग्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “मी जागी होते म्हणूनच काही झाले नाही.” अशा समजुतीशी वाद घालून उपयोग नसतो.

त्याच आठवड्यात शनिवारी रात्री त्या फोन दूर ठेवून झोपल्या. आमच्या काउंटीला वॉर्निंग नव्हती, त्यामुळे रेडिओ वाजला नाही. त्या रात्री दूर उत्तरेला एल रेनो येथे ईएफ-3 तीव्रतेचा (शून्य ते पाच या मापनात तीनचा) टोर्नेडो एका मोटेलवर आणि मोबाइल होमच्या वस्तीवर आला. काही मिनिटांत सारे संपले आणि दोन माणसे गेली. मंगळवारी बाई आल्या त्या संतापूनच. “माझ्यासारख्याच घरातली माणसे मरत होती आणि तुम्ही मला झोपायला शिकवलेत.”

माझ्या हिशेबाने ती झोप हे आमच्या उपचाराचे सर्वांत मोठे यश होते. त्यांच्या हिशेबाने ती बेफिकिरी होती आणि त्यांना एका वाक्यात चूक ठरवणे मला अजूनही जमलेले नाही. राज्यातील सर्व 77 काउंटींचे संकेतांक रेडिओत भरून द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. तसे केले असते, तर रेडिओ मे महिनाभर वाजत राहिला असता. बऱ्याच घासाघिशीनंतर आम्ही एकच काउंटी वाढवली, नैऋत्येची, कारण इथली वादळे बहुधा तिकडूनच सरकत येतात. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते तेवढीही सूट द्यायला नको होती. त्यांना कधी मोबाइल होममध्ये रात्र काढावी लागलेली नाही.