तुम्ही विचारलंत म्हणून : किती फूट?

लग्नाच्या साड्या फॉल-पिकोला टाकायला येणाऱ्या मुली हे हमखास विचारतात. लग्न करून पुण्याला जायचं असतं, तिथं ओळखीचं कुणी नसतं. इकडं मी साडीची कड मोजत असते आणि दर पाच मिनिटांनी दारातून कुणी ना कुणी "काय करतीस गं?" म्हणत हाक मारून जाते. मग पोरगी म्हणतेच, "काकू, तुम्हाला एवढ्या मैत्रिणी कशा काय हो?"

आजवर मी "गाव लहान आहे गं" म्हणून वेळ मारून नेली. परवा एकीनं पिच्छाच पुरवला. तिला म्हटलं, थांब, नीट लिहूनच देते.

तर 2019 सालापर्यंत मला एवढ्या काय, एकही धड मैत्रीण नव्हती. म्हणजे एक होती, पण मी तिची नव्हते. गिऱ्हाइकं होती, भिशीतल्या होत्या, शेजारणी होत्या. आणि ज्यांच्या अडीनडीला मी धावून गेले अशा तर ढीगभर. कुणाची सून बाळंत झाली की पहिला डबा माझा. दवाखान्यात रात्र काढायला माणूस हवं असलं की निरोप मला. त्याबद्दल गल्लीत माझं नावही होतं, आणि ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मी मात्र कधी कुणाकडं काही मागितलं नाही. आईची शिकवण होती, शेजारची वाटी रिकामी परत पाठवायची नाही. साखरेची वाटी आली तर जाताना तिच्यात चार चकल्या तरी गेल्याच पाहिजेत. मी त्याच्या एक पाऊल पुढं गेले. वाटी आणायचीच नाही. साखर संपली तर गुळाचा चहा. फॉल लावताना टाका वरून दिसता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. घरात काय उसवलंय हे बाहेर दिसू नये म्हणून मी तसेच टाके घालत राहिले, आणि लोक म्हणायचे, "किती हसतमुख बाई!"

दुकान मारुती चौकाच्या मागं. कृष्णेला पूर आला की सांगलीत ज्या भागांत आधी पाणी शिरतं, त्यातलाच हा एक. खाली दुकान, वर घर. पावसाळ्यात आमच्याकडं माणसं एकमेकांना "कसं काय?" असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा दगडी पूल. तिथं पाण्याची उंची मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. शाळेतल्या पोराला पाढे येणार नाहीत, पण हे दोन आकडे येतात.

2005 च्या पुरात पाणी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला लागून परत गेलं होतं. ह्यांनी तिथं खिळ्यानं रेघ मारून ठेवलेली. 2019 च्या ऑगस्टात अख्खी गल्ली अशाच आपापल्या रेघांवर विसंबून बसली. नदीला आमच्या रेघा कुठं ठाऊक? आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं दहावी पायरी बुडाली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं असताना, माझ्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही दोघी हरिपूरच्या, एका बाकावरच्या. तिला मिरजेला दिली, म्हणून आमच्या घरात तिचं नावच 'मिरजेची'. ती म्हणाली, "सासूबाईंना घेऊन इकडं ये. लेकाला गाडी घेऊन पाठवते."

मी म्हटलं, "अगं, आम्ही कालच विश्रामबागला नणंदेकडं आलोय. सगळं ठीक आहे."

हे बोलताना मी जिन्यात उभी होते. मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये, आणि हातानं गिऱ्हाइकांच्या साड्यांचे गठ्ठे वर भिरकावत होते. 110 साड्या होत्या. वरच्या खोलीत सासूबाई, खुब्याचं हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळलेल्या.

खोटं का बोललीस, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. तिला त्रास नको म्हणून, असं मी सांगायचे. खरा हिशेब मांडला तर तिचा त्रास वाचवणं त्यात चार-पाच आणेच होतं. उरलेला सगळा तोरा. मी कुणाकडं जाऊन पडणारी बाई नव्हे, हा.

तीन रात्री आम्ही वर काढल्या. वीज नाही, फोन मेलेले, प्यायला एक कळशी आणि सासूबाईंचं करायचं अंथरुणातच. त्याचं वर्णन करत बसत नाही, सांगलीत हे घरोघरी झालंय. चौथ्या दिवशी बोट आली.

त्या तीन दिवसांत मिरजेला काय झालं ते मला उशिरा कळलं. पुरातल्या माणसांना ताजं जेवण मिळत नसेल म्हणून तिनं भाकरी-पिठलं केलं आणि वाट काढत डबा घेऊन विश्रामबागला माझ्या नणंदेच्या दारात आली. नणंद म्हणाली, "इकडं कुठली? ती तर घरातच अडकलीय." नणंद सांगते, ती मिनिटभर तशीच उभी राहिली. डबा दे म्हटलं तरी दिला नाही. घेऊन परत गेली.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा ती आली. तिनं पदर खोचला, संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर फरशी खरवडली. निघताना हात धुऊन म्हणाली, "मी तुला परकी आहे हे मला तुझ्या नणंदेकडनं कळायला नको होतं." एवढंच. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं फोन नाही. मधे लॉकडाऊन आला, त्यामुळं न भेटण्याला दोघींनाही कारण मिळालं.

मला आधी रागच आला. मी काय कुणाचं वाकडं केलं? कुणाला त्रास दिला नाही, हा गुन्हा? भिशीत हे सगळं सांगितलं. सगळ्या माझ्या बाजूनं बोलल्या. एकजात सगळ्या. आणि घरी येताना मनात पाल चुकचुकली, की यांतल्या एकीनंही मला "पण खोटं का बोललीस?" असं का विचारलं नाही?

मग एकेक आठवायला लागलं. तिचा नवरा अचानक गेला, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी तेरा दिवस तिच्याकडं राहिले होते आणि त्याचा मला केवढा अभिमान! पण त्या तेरा दिवसांत तिनं काय केलं होतं? तिनं मला घरातले पतपेढीच्या कर्जाचे कागद दाखवले. नवऱ्यानं तिला न सांगता काढलेलं कर्ज. रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती मेलेल्या माणसाला शिव्या देत रडली. हे तिनं बहिणींसमोर केलं नव्हतं. मी त्याला माझी मदत समजत होते. खरं तर ते तिनं मला दिलेलं होतं. वाटी दर खेपेला तिच्याच घरून यायची, रिकामी, आणि मी ती भरून पाठवून मोठी होत होते. माझ्या घरची वाटी तिच्याकडं एकदाही गेली नव्हती.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. सासूबाई होत्याच. ह्यांनी रिक्षावाल्याला फोन लावला आणि मी तिला.

दोन वर्षांनी फोन केल्यावर आधी काय बोलतात? मी काहीच नाही बोलले. म्हटलं, "पाणी यायलंय. म्हातारीला हलवायचंय. मला भीती वाटत्येय."

पलीकडं शांत. मग तिनं विचारलं, "आयर्विनला किती?"

"पंचेचाळीस गेलं."

"आणि तुझं?"

मला पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा गळा दाटून आला. "पन्नास," म्हटलं.

"लेक निघालाय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

नऊ दिवस तिच्याकडं राहिलो. तुम्हाला वाटेल, पहिल्याच रात्री गळ्यात पडून मोकळ्या झालो. तसं काही झालं नाही. आमच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. अरुंद तोंडाचा खोल खड्डा, वरून बंद केला की आत हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. 2005 च्या पुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली, पण लहानपणी मी ती उघडताना पाहिलीत. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग कंदील सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं.

आम्ही तसंच केलं. पहिले तीन दिवस भाजीचे दर, लेकाचं लग्न, सासूबाईंच्या औषधाच्या वेळा. चौथ्या रात्री भांडी विसळता विसळता मी म्हटलं, "त्या डब्याचं काय केलंस?" ती म्हणाली, "घरी येऊन एकटीनं खाल्लं. थंडगार पिठलं. तुला शिव्या देत." मग आम्ही हसलो, आणि त्यानंतर जे बोललो ते इथं लिहिणार नाही.

तेव्हापासून आमचं ठरलंय. "कशी आहेस?" विचारायचं नाही, कारण त्याला "बरी आहे" हे एकच उत्तर आम्हा बायकांच्या तोंडात बसलंय. "किती फूट?" विचारायचं. वीस म्हणजे नेहमीचं, घाट उघडा आहे. तीसच्या पुढं म्हणजे आज फोन लांबेल. चाळीसला जेवण झाल्यावर निवांत बोलायचं. पंचेचाळीसला समोरचीनं हातातलं टाकून यायचं. आकडा सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत, हे त्यातलं बरं.

आता हे वाचून कुणी लगेच सगळ्यांपुढं मन मोकळं करायला जाईल, तर तेही जपून. मी केलं होतं. नवा नवा उत्साह. गल्लीतल्या एका बाईला घरातली पैशाची ओढाताण सांगून बसले. पुढच्या भिशीत माझा नंबर लागायच्या आधीच सगळ्या माझ्याकडं कनवाळूपणे बघत होत्या. एकीनं तर साडीचा फॉल स्वतःच लावते म्हणून परत नेली, मला 'ताण नको' म्हणून. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. सगळ्याच विहिरीत पोहरा सोडायचा नसतो. भिशी ही भिशी म्हणून छान आहे. तिथं आम्ही खिदळतो, भडंग खातो, सिनेमाला जातो. तिच्याकडनं मी आता जास्तीची अपेक्षा करत नाही, आणि तिला नावंही ठेवत नाही.

आणि दुसरं एक. "मी बाई खरं तोंडावर बोलते" म्हणणाऱ्या माझ्या दुकानात रोज दोन तरी येतात. त्यांचं खरं नेहमी दुसऱ्याबद्दल असतं. सुनेचा रंग, जावेचा स्वयंपाक, माझं वजन. स्वतःबद्दल तोंडावर खरं बोलणारी अजून एकही उंबरा चढली नाही. मिरजेचीनं मला आजवर 'तू जाड झालीस' म्हटलेलं नाही. पण आपल्याला सुनेचा मत्सर वाटतो हे तिनं मला सांगितलंय, आणि सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

तर पोरी, तुला पुण्यात काय करायचं ते मला ठाऊक नाही. तिथं नदीला किती फुटांवर धोका असतो तेही नाही. शेजारणीकडं एकदा साखर मागून बघ. असली तरी माग. आणि वाटी परत द्यायची घाई करू नको, राहू दे आठवडाभर तुझ्या ओट्यावर.

मी तरी काय पूर्ण सुधारलेय? मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. तिचा मेसेज, "किती?" मी लिहिलं, "12."

दोन मिनिटांत उत्तर. "वर कोयनेला धो धो पाऊस लागलाय आणि तुझं एकटीचं बारा? नीट बघून सांग."

झालं होतं असं, की डोळ्याच्या डॉक्टरांनी बारीक टाक्याचं काम कमी करा म्हणून सांगितलं होतं. ते मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. फॉल हातानं लावते म्हणून तर माझ्याकडं गर्दी. सुईच ओवता आली नाही तर दुकानात बसून करू काय? बराच वेळ मोबाइल तसाच धरून बसले. मग बारा खोडलं आणि 41 लिहिलं.

चाळीसला फोनच करायचा असं ठरलेलं, पण तासाभरात ती दुकानात हजर. भडंगाची पुडी मशीनवर ठेवली, चष्मा पदराला पुसला आणि काही न विचारता माझा दोऱ्यांचा डबा पुढ्यात ओढला. लाल, हिरवा, मोरपंखी, आमसुली, एकेक दोरा तोंडात ओला करून सुया ओवत बसली. वीसेक झाल्यावर सगळ्या ओळीनं उशीला टोचल्या.

"आठवडाभर पुरतील," म्हणाली. "पुढच्या गुरुवारी येते."