बुजवलेलं भोक

अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या एका लिलावघरात मी जुन्या शस्त्रांची कॅटलॉगसाठी वर्णनं लिहितो. त्याआधी भोसरीत टूलरूममध्ये होतो. त्या नोकरीचा इथं इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी ऐंशीच्या घरातल्या एक बाई वडिलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आल्या. स्मिथ अँड वेसन, .38 स्पेशल, 'मिलिटरी अँड पोलीस'. आधी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "हे जोडतोड करून बनवलेलं आहे. सांगाडा दुसऱ्या महायुद्धातला, नंबर नंतरचा. किंमत विसरा." बाई चिडलेल्या होत्या. "माझे वडील असलं काही घेणारे नव्हते," एवढंच म्हणाल्या.

चक्री बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि आधी मूठ उलटी धरली. बुडाशी लहान गोल खूण होती, भिंगाखाली तिरक्या उजेडात धरली तरच दिसणारी. याच रिव्हॉल्व्हरच्या युद्धकाळातल्या 'व्हिक्टरी' मॉडेलला दोरी अडकवायची कडी असे, तिचं हे भोक. आत पोलादी खुंटी ठोकून घासून सपाट केलेली. जोडतोडीचा संशय यावरूनच आला असणार. पण निळी झाक खुंटीवरून सलग पुढं गेली होती. म्हणजे आधी भोक बुजवलं आणि मग ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळी झाक देणं, झालं. पुन्हा पॉलिश केल्याच्या खुणा कुठंच नव्हत्या. अक्षरांच्या कडा धारदार होत्या.

हे कारखान्यातच झालं असणार, यात मला नवल वाटलं नाही. 1942 मध्ये जुनी नंबरमालिका 10 लाखांवर पोचली तेव्हा कंपनीनं 'व्ही' अक्षर लावून नवी मालिका सुरू केली आणि युद्धभर लाखो नग काढले. युद्ध संपलं तेव्हा भोक पाडलेले सांगाडे शिल्लक होते. ड्रॉइंग बदललं म्हणून रॅकवरचा चांगला माल कुणी भंगारात काढत नाही, भोसरीत नाही आणि कंपनीच्या कारखान्यात, स्प्रिंगफील्डमध्येही नाही.

पण तेवढ्यावर थांबता येत नाही. आमच्या धंद्यात काही जुळेना की 'ट्रान्झिशनल', म्हणजे जुन्या-नव्या मॉडेलांमधल्या काळातलं, म्हणून खपवायची विक्रेत्यांना सवय आहे. माझा नियम साधा आहे: सगळ्या विसंगतींनी एकाच काळाकडे बोट दाखवलं पाहिजे.

नंबराआधी 'एस' होता. हे अक्षर युद्धानंतरचं. ही मालिकाही 10 लाखांवर गेल्यावर 1948 मध्ये 'सी' लागलं. बाजूच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले (पाचवा चापाच्या कड्यापुढं असतो), मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्यानं टकटक केली आणि पत्रा आपोआप वर आला. तो कधीही उचकटायचा नाही. उचकटलेल्या कडा पाहिल्या की माझं डोकं फिरतं. आत घोडा आणि सांगाडा यांच्यामध्ये येणारी पातळ, वाकडी पोलादी पट्टी दिसली. 1944 मध्ये एका नौसैनिकाचं व्हिक्टरी पोलादी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि तो मेला. त्यानंतर, वर्षअखेरीस, ही सुधारित पट्टी आली. चाप ओढून धरलेला नसेल तर ती घोड्याला पुढं जाऊच देत नाही. म्हणजे नग त्या अपघातानंतरचा. उलट घोड्याची चाल जुनी, लांब होती. आखूड चाल 1948 ची. सांगाड्यावर 'मेड इन यू.एस.ए.' ही जुनी एकच ओळ होती. पुढं तिथं चार ओळी आल्या.

सगळं युद्धसमाप्ती ते 1948 या अरुंद पट्ट्यात बसत होतं. बुडावरचा नंबर चक्रीच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर तोच निघाला.

मुठीच्या उजव्या लाकडाच्या आत मात्र वेगळाच होता.

बाईंना दोन्ही गोष्टी सांगितल्या. रिव्हॉल्व्हर कारखान्यातून असंच निघालं, पण मुठी नंतर बदलल्या. पहिल्या वाक्याला त्या खुलल्या, दुसऱ्याला म्हणाल्या, "हे छापायलाच हवं का?"

"हो," म्हटलं, "घेणारा मुठी काढून बघणारच."

कंपनीच्या नोंदींवरून मिळणारं पत्र मागवा, असंही सुचवलं. त्यात नग कारखान्यातून रवाना झाल्याची तारीख असते, बनवल्याची नाही, हे आधीच बजावलं. अर्ज त्यांनी तिथंच भरला. कॅटलॉगात मुठींचं वाक्य भोकाच्या वाक्याला लागूनच टाकलं.