लेकीची दाढ दाखवून आलो आज

साडेचार वर्षांची आहे, चार दिवस एकाच बाजूने चावत होती, आम्हाला वाटलं जेवायचे नखरे, काल रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर खालच्या दाढेला काळा खड्डा!! मला झोपच नाही लागली.

खुर्चीत एकटी बसेना, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या बाबा तुम्हीच आडवे व्हा आणि तिला पोटावर घ्या. आरसा तिच्या हातात दिला, आधी तिने माझे दात मोजले मग मॅडमनी तिचे, २० पूर्ण. मशीन सुरू झालं तेव्हा माझं बोट घट्ट धरून होती, आवाज नाही केला, नुसतं डोळ्यांतून पाणी.

मी म्हटलं दुधाचेच दात ना, पडतीलच की. तर म्हणाल्या या मागच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात, लवकर काढावी लागली तर बाजूचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. कोणी सांगतच नाही हो हे आधी. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय आम्हीच लावलेली, त्याचं फार वाईट वाटतंय.

आता रात्रीचा ब्रश मी स्वतः करून देणार, वाटाण्याएवढी फ्लोराईडवाली पेस्ट, नंतर फक्त पाणी.

गाल अजून बधिर आहे, ओठ चावेल म्हणून मांडीवर घेऊन बसलोय आणि तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगतोय.